दिवाळ्यानंतर उभे राहिलेले शहर : मुंबईच्या कोटातील व्हिक्टोरियन इमारती

१/ ओव्हल मैदानावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले, की एका ओळीत उभ्या असलेल्या इमारती दिसतात : जुने सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय. ब्रिटिश साम्राज्याच्या ऐन वैभवाचे हे प्रदर्शन, असेच पाहणाऱ्याला वाटते. पण तारखा ताडून पाहिल्या की कोडे पडते. १ जुलै १८६५ रोजी मुंबईचे दिवाळे निघाले. त्या दिवशी या ओळीतील एकही इमारत उभी नव्हती.

२/ मग हे शहर कोणी बांधले, कोणाच्या पैशातून आणि कोणाच्या हातांनी? ‘इंग्रजांनी बांधले’ हे उत्तर शाळेपासून कानावर पडते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर याच इमारतींच्या दगडांत आणि हिशेबांत सापडते. ते वाचण्यासाठी प्रथम एक भिंत पाडावी लागेल.

३/ आज ज्याला आपण ‘फोर्ट’ म्हणतो, तो एके काळी खराच कोट होता. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या आरंभी त्याची तटबंदी पुरी केली. अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट या त्याच्या तीन वेशी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि कंपनीच्या पोटात गोळा आला. मराठे मुंबईवर येतील या धास्तीने तटाभोवती खंदक खोदण्यात आला. त्या खंदकासाठी शहरातील व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली. मुंबईची मोठी कामे व्यापाऱ्यांच्या थैलीतून होण्याची रीत इतकी जुनी आहे.

४/ तटाबाहेरची जमीन तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली असे. तिला एस्प्लनेड म्हणत. ओव्हल, क्रॉस मैदान आणि आझाद मैदान हे त्याच मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे होत. आज तेथे क्रिकेटचे डाव रंगतात. ती जागा मोकळी राहिली, ती मुळात शत्रू दुरूनच नजरेस पडावा म्हणून.

५/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा शत्रू उरला नव्हता. पेशवाई संपली होती आणि १८५८ मध्ये कंपनीची सत्ताही राणीकडे गेली होती. कोटात मात्र माणसांची, गोदामांची आणि कचेऱ्यांची दाटी झाली होती. १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रीअर यांनी तटबंदी पाडण्याचा निर्णय अमलात आणला. तटाची जागा मोकळी करून तेथे नवे शहर आखण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. जेम्स ट्रबशॉ हे तिचे वास्तुरचनाकार.

६/ याच सुमारास, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. जुनी मुंबई नाहीशी होण्याच्या उंबरठ्यावर एका मराठी लेखकाने तिची बारकाईने नोंद करून ठेवली, हा मोठाच योग. त्या ग्रंथातील शहर आणि आज आपल्याला दिसणारे शहर यांच्यामध्ये हा पाडलेला तट उभा आहे.

७/ भिंत पाडणे सोपे. नवे शहर उभारायला पैसा लागतो. तो आला अमेरिकेतून, तोही तेथील युद्धामुळे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटला. गिरणीमालकांची नजर वळली ती वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाकडे. हा कापूस जहाजांवर चढे तो मुंबईत. युद्धाच्या चार-पाच वर्षांत शहराला सुमारे ७ ते ८ कोटी पौंडांची जादा कमाई झाली, असे मानले जाते.

८/ इतका पैसा अचानक आल्यावर जे होते, तेच झाले. नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या एकामागून एक निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. ज्या जमिनीवर हा सट्टा चालला होता, ती अजून समुद्राच्या पाण्याखाली होती! या साऱ्या उलाढालींचा सूत्रधार होता अवघ्या तिशीतला एक दलाल : प्रेमचंद रायचंद.

९/ एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि युद्ध संपत आले. अमेरिकी कापूस परत येणार हे दिसताच भाव कोसळले. शेअरांच्या वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी देणे फेडू शकणारे फार थोडे निघाले. पेढ्या बुडाल्या, प्रतिष्ठित घराणी रस्त्यावर आली. प्रेमचंदही बुडाले. सट्टेबाजांना सढळ हाताने कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

१०/ येथेच गोष्ट संपायला हवी होती. पण तेजीच्या काळात तीन गोष्टी होऊन गेल्या होत्या. तट पडून जागा मोकळी झाली होती. नव्या इमारतींचे आराखडे हाती घेतले गेले होते. आणि अनेक धनिकांनी सार्वजनिक कामांसाठी मोठ्या देणग्या देऊन ठेवल्या होत्या. शेअर कागदावरच विरले. देणग्यांतून मात्र भिंती उभ्या राहिल्या. तेजीतला नफा फार थोड्यांच्या हाती उरला, पण तेजीत दिलेले दान शहराच्या हाती राहिले.

११/ नव्या शहराचा पहिला मोठा तुकडा व्यापाराचा होता. टाउन हॉलसमोरच्या ‘बॉम्बे ग्रीन’वर पूर्वी कापसाच्या गाठींचे ढीग पडत. पोलीस आयुक्त चार्ल्स फॉर्जेट यांनी तेथे गोलाकार बाग आणि तिच्याभोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती करण्याची कल्पना मांडली. भूखंड विकले गेले, पण कमानींची रांग सर्वांनी एकाच आराखड्याप्रमाणे बांधायची, अशी अट होती. १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे एल्फिन्स्टन सर्कल पुरे झाले. बँका आणि व्यापारी पेढ्या तेथे आल्या. आज आपण त्याला हॉर्निमन सर्कल म्हणतो.

१२/ चर्च गेटची वेस पडली त्या जागी १८६४ मध्ये कारंजे उभे राहिले. रचना नॉर्मन शॉ यांची, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे आणि दगड इंग्लंडच्या पोर्टलंडचा. माथ्यावर फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता. मुळात हे कारंजे राणीच्या बागेसाठी योजलेले होते. त्याच्या खर्चातला मोठा वाटा एका पारशी दात्याने, करसेटजी फर्दुनजी पारेख यांनी, उचलला होता.

१३/ आता पुन्हा ओव्हलच्या त्या ओळीकडे वळू. या साऱ्या इमारतींची तोंडे पश्चिमेला का? कारण त्या बांधल्या तेव्हा समोर समुद्र होता. मधे मैदान, रेल्वेचा रूळ, आणि पलीकडे बॅक बेचे पाणी. समोरच्या आर्ट डेको इमारती आणि मरीन ड्राइव्ह हे सारे विसाव्या शतकातले. जहाजातून येणाऱ्याला दुरून मनोऱ्यांची एक रांग दिसावी आणि आतल्या कारकुनाला खारा वारा मिळावा, अशी ही दुहेरी योजना होती.

१४/ शैली गॉथिक. उंच टोकदार कमानी, मनोरे आणि कोरीव स्तंभशीर्षे ही युरोपातील मध्ययुगीन चर्चची भाषा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले होते. मुंबईच्या उन्हापावसात मात्र ती तशीच चालणार नव्हती. म्हणून खोल व्हरांडे आले, बाहेरच्या बाजूने चक्री जिने आले, उतरती छपरे आली. दगड तर येथलाच. कुर्ल्याचा पिवळसर, मालाडचा, काळा बसाल्ट आणि बारीक कोरीव कामासाठी पोरबंदरचा मऊ चुनखडक. आकार व्हेनिसचा, पण अंगावर कोकणातला पाऊस झेलणारा.

१५/ ओळीतले पहिले काम सचिवालयाचे. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी ते १८६७ ते १८७४ या काळात बांधले. मुंबई इलाख्याचा कारभार येथून चाले. आज तेथे दिवाणी व सत्र न्यायालय आहे. शेजारचे दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १ लाख रुपये दिले सर कावसजी जहांगीर यांनी. ‘रेडीमनी’ हे त्यांचे आडनाव, कारण मागेल तेव्हा रोख रक्कम देणारे घराणे अशी पूर्वजांची ख्याती. शहराच्या अनेक सार्वजनिक इमारतींमागे या एका माणसाची थैली आहे.

१६/ सभागृह आणि त्याशेजारचे ग्रंथालय यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. हे लंडनचे ख्यातनाम वास्तुरचनाकार मुंबईत कधीही आले नाहीत. कागद बोटीने आले. त्या रेषांतून दगड उभा करण्याचे काम येथल्या अभियंत्यांचे आणि कारागिरांचे होते.

१७/ ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये, तेजीच्या शिखरावर असताना, २ लाख रुपये दिले. मग मनोऱ्यासाठी आणखी २ लाख दिले आणि त्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे अशी इच्छा व्यक्त केली. पुढच्याच वर्षी ते कफल्लक झाले. पायाभरणी १८६९ मध्ये झाली आणि १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला. आंधळ्या आईला घड्याळाच्या ठोक्यांवरून वेळ कळावी आणि सूर्यास्तापूर्वी जेवता यावे म्हणून हा मनोरा, ही लोकप्रिय आख्यायिका आहे. नोंदींत आहे ती आईच्या नावाची इच्छा.

१८/ या मनोऱ्याची खरी नवलाई मात्र खालून सहज दिसत नाही. वरच्या भागात पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांच्या २४ दगडी मूर्ती आहेत. युरोपातील गॉथिक मनोऱ्यावर जेथे संत असायचे, तेथे येथे आपापल्या पोशाखातली आणि पागोट्यांतली माणसे उभी आहेत. या मूर्ती साकारल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने. स्कॉट यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. हे नाव किती जणांनी ऐकले आहे?

१९/ यात एक पेचही आहे. माणसांना जातींच्या ‘नमुन्यां’त बसवणे ही वासाहतिक नजरेचीच सवय, जनगणना आणि गॅझेटियरही त्याच काळात तयार होत होते. मूर्ती घडवणारा हात इथला होता, पण वर्गवारी राज्यकर्त्यांच्या सोयीची होती. कौतुक करताना हेही विसरता येत नाही.

२०/ मनोऱ्याच्या शेजारचे उच्च न्यायालय जनरल जेम्स फुलर यांचे. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. लांबी ५६२ फूट. खर्च १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजूर रकमेपेक्षा थोडा कमीच! आत एका खांबावर हाती तराजू घेतलेले, डोळ्यावर पट्टी असलेले माकड कोरलेले आहे. पट्टी आहे ती एकाच डोळ्यावर. कंत्राटाच्या दाव्यात हरलेल्या एका कंत्राटदाराने असा सूड उगवला, अशी दंतकथा वकील मंडळी आजही सांगतात.

२१/ या तारखा आणखी एका पंचांगाशी ताडून पाहायला हव्यात. कापसाच्या तेजीत सावकारांनी शेतकऱ्यांना सढळपणे दिलेली कर्जे तेजी ओसरताच आखडली. त्यातच शेतसारा वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि दख्खनचे दंगे पेटले. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाच्या परांच्या चढत होत्या, त्याच वर्षांत घाटावर माणसे अन्नावाचून मरत होती. ही वास्तुकला पाहताना एक डोळा घाटापलीकडे असावा तो यासाठी.

२२/ कोटाच्या उत्तरेला, नव्या बाजाराची इमारत १८६९ मध्ये तयार झाली. पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावावरून क्रॉफर्ड मार्केट. रचना विल्यम एमर्सन यांची. दरवाजांवरच्या शिल्पपट्ट्यांत शेतकरी, बाजारकरी माणसे दिसतात. त्या लॉकवूड किपलिंग यांच्या. लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे हे वडील. तेव्हा ते जवळच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत. ही शाळाही सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेली.

२३/ जे. जे.चा वाटा सर्वांत ठळक दिसतो तो बोरीबंदरला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेसाठी १८७८ मध्ये हे स्थानक बांधायला घेतले; काम सुमारे दहा वर्षे चालले. १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्याला ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव मिळाले. दारावर इंग्लंडचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ समोरासमोर बसले आहेत. पाने, फुले, मोर, माकडे यांच्या कोरीव कामात जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखालच्या जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता.

२४/ याच दर्शनी भागावर रेल्वेच्या संचालकांचे उठावदार मुखवटे आहेत. त्यांत दोन चेहरे आपले : जमशेटजी जीजीभॉय आणि नाना शंकरशेट. कामावरचे सहायक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य. ज्या कामाठी, पाथरवट आणि गवंडी मंडळींनी दगड वाहिले, घडवले आणि रचले, त्यांचे मुखवटे कोठेच नाहीत. कामाठ्यांचे नाव शहराने राखले ते एका वस्तीच्या नावात, कामाठीपुऱ्यात.

२५/ समोरच महापालिका मुख्यालय, तेही स्टीव्हन्स यांचेच; १८९३ मध्ये पुरे झाले. येथे गॉथिकमध्ये घुमट आणि भारतीय वळणाच्या कमानी मिसळल्या. दर्शनी माथ्यावर पंख पसरलेली स्त्रीमूर्ती आहे : ‘भारतातील पहिले नगर’ या बिरुदाची. १८७२ च्या कायद्याने करदात्यांना निम्मे नगरसेवक निवडण्याचा अधिकार मिळाला होता. म्हणजे सत्तेच्या या इमारतीत आवाज मात्र हळूहळू आपला उमटू लागला. दारासमोर पुतळा आहे तो सर फिरोजशहा मेहता यांचा.

२६/ बाजारपेठेची कहाणी वेगळी. काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेल (१८६९) हा ओतीव लोखंडाचा सांगाडा. त्याचे सुटे भाग इंग्लंडहून बोटीने आले आणि येथे जोडले गेले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली ती येथेच. हॉर्नबी रोडवर (आजचा दादाभाई नौरोजी मार्ग) १८९६ च्या नियमाने प्रत्येक इमारतीखाली पादचाऱ्यांसाठी कमानींचा आडोसा सक्तीचा झाला. वरच्या मजल्यांच्या शैली निरनिराळ्या, खाली सावली मात्र एकच.

२७/ पुढे लोकांनी या जागांना आपले अर्थ दिले. एल्फिन्स्टन सर्कलला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे निर्भीड संपादक हॉर्निमन यांचे नाव मिळाले. क्रॉफर्ड मार्केट महात्मा फुले मंडई झाले. बोरीबंदरच्या दर्शनी भागावरचा राणीचा पुतळा हटला आणि स्थानकाला शिवछत्रपतींचे नाव आले. फ्लोरा फाउंटनजवळ २१ नोव्हेंबर १८५५ नव्हे, बरोबर शंभर वर्षांनंतर, १९५५ च्या त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला. म्हणून तो हुतात्मा चौक. पुष्पदेवतेच्या शेजारी आता मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत.

२८/ १९९५ मध्ये मुंबईने वारसा इमारतींसाठी नियमावली केली. २००४ मध्ये बोरीबंदर स्थानक आणि २०१८ मध्ये ओव्हलभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. तरीही वॉटसन हॉटेलचा एक भाग २००५ मध्ये कोसळला आणि ती वास्तू मोडकळीला आली. ‘परक्यांचे आहे, पडू दे’ आणि ‘वारसा आहे, हात लावू नका’ ही दोन्ही वाक्ये एकाच विस्मरणातून येतात. ही वास्तू येथल्या कापसाच्या पैशातून, येथल्या दगडातून आणि येथल्या हातांनी झाली, हे दोन्हीकडचे विसरतात.

२९/ यापुढे राजाबाई टॉवरचे छायाचित्र टाकाल, तेव्हा मथळ्यात गिल्बर्ट स्कॉट यांच्यासोबत मुकुंद रामचंद्र हे नावही लिहा. बोरीबंदरच्या छायाचित्राखाली स्टीव्हन्स यांच्यासोबत सीताराम खंडेराव वैद्य लिहा. नामफलक बदलायला शासननिर्णय लागतो. मथळा बदलायला लागत नाही.

(समाप्त)